शेवटच्या पानावरची चाल

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. उभा जन्म मुलांना त्रैराशिक आणि अपूर्णांक शिकविण्यांत घालविलेल्या एका मॅट्रिक पास मास्तरानें नभोवाणीवर येऊन पत्त्यांच्या पैजांविषयीं बोलावें, हें विचित्र वाटणें स्वाभाविक आहे. परंतु मागच्या उन्हाळ्यांत माझा भाचा अमेरिकेहून सुटीवर आला असतां त्यानें पोकर नांवाचा तिकडचा खेळ मला शिकविला. पैशांऐवजीं भुईमुगाचे दाणे घेऊन आम्ही मामा-भाचे आठ रात्री खेळलों. दाणे बहुतेक त्याच्याच पोटांत गेले. पण माझा एक जुना हिशेब त्या आठ रात्रींत सुटला. १९८७ सालच्या दिवाळींत मीं पत्त्यांवर चारशें रुपये घालविले होते. ते नेमके कोणत्या चुकीमुळें गेले, हें मला या खेळाच्या शेवटच्या पानानें समजावून दिलें. तोच हिशेब आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. जुगाराची तरफदारी करण्याचा माझा हेतु नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊं. पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांत, न्यू ऑर्लीन्सच्या बाजूस, वाढीस लागला. त्याच्या अनेक प्रकारांपैकीं 'टेक्सस होल्डेम' हा आज सर्वांत अधिक खेळला जातो. टेक्सस राज्याच्या विधिमंडळानें २००७ सालीं रॉब्सटाउन हें गांव या प्रकाराचें जन्मस्थान म्हणून मान्य केलें आहे. खेळ असा: बावन्न पानें पिसून प्रत्येक गड्यास दोन पानें झांकून वाटतात. नंतर मध्यें तीन पानें उघडीं मांडतात, मग चौथें, आणि अखेर पांचवें. हीं पांच पानें सर्वांच्या सामायिक मालकीचीं. आपलीं दोन आणि मधलीं पांच अशा सातांतून प्रत्येकानें उत्तम पांच पानें निवडावयाचीं. जोडीपेक्षां दोन जोड्या श्रेष्ठ, त्यांहून तीन सारखीं पानें, त्यांहून ओळीनें लागलेलीं पांच पानें, त्यांहून एकाच रंगाचीं, म्हणजे सगळीं इस्पिक किंवा सगळीं बदाम, अशीं पांच पानें. अशी ही पायरी वर चढत जाते.

दोन पानें वाटल्यावर व पुढें प्रत्येक उघडीनंतर, असे एकंदर चार वेळां पैसे लावण्याची पाळी येते. ज्याची पाळी असेल त्यानें पैसे लावावे किंवा नुसतें थांबावें. समोरच्यानें लावले असतील तर तितके भरून पाहावें, वाढवावें, नाहीं तर पानें टाकून द्यावीं. मध्यें जमत जाणाऱ्या पैशांस आपण रास म्हणूं आणि पैसे लावण्यास, आपल्या तीनपत्तींतला शब्द घेऊन, चाल म्हणूं. पांचव्या पानास तिकडे 'रिव्हर', म्हणजे नदी, असें नांव आहे. आजचें भाषण या नदीच्या कांठावरचें आहे.

शेवटचें पान पडेपर्यंत प्रत्येक हातांत आशेचा अंश असतो. समजा, चौथें पान पडल्यावर मधलीं धरून आपल्यापाशीं चार इस्पिक पानें झालीं. आपण पाहिलेलीं पानें सहा. न पाहिलेलीं सेहेचाळीस. त्यांत उरलेलीं इस्पिक नऊ. म्हणजे पांचवें पान इस्पिक येण्याचा संभव ९/४६, सुमारें पांचांत एक. तोंवर आपला हात जिंकलेलाहि नसतो आणि हरलेलाहि नसतो. पांचवें पान पडलें कीं हा पंचमांश संपतो. एक तर रंग पुरा झाला, नाहीं तर हातांत कांहीं उरलें नाहीं. याच कारणामुळें शेवटची चाल आधींच्या तीन चालींहून जातीनें निराळी आहे. आधींची चाल पुढें काय येईल यावर असते. शेवटची, समोरच्याच्या हातांत काय येऊन चुकलें आहे यावर असते. परीक्षा होऊन गेली आहे, उत्तरपत्रिका बंद पाकिटांत आहेत, आणि पाकीट उघडून पाहण्याची किंमत किती द्यावी एवढाच प्रश्न राहिला आहे.

ही किंमत ठरविण्याचें गणित सातवीच्या मुलालाहि येईल. राशींत १०० दाणे आहेत आणि समोरच्यानें ५० लावले. आपण ५० भरून पाहिलें आणि जिंकलों, तर राशींतले १०० व त्याचे ५० मिळून १५० आले; हरलों तर ५० गेले. असें चार वेळां घडलें व त्यांत एकदां जिंकलों, तर एकदां १५० आले आणि तीन वेळां ५० प्रमाणें १५० गेले, हिशेब बरोबरीचा. तेव्हां राशीच्या निम्मी चाल आली असतां चारांत एकाहून अधिक वेळां जिंकण्याचा भरंवसा असेल तरच पाहणें फायद्याचें. राशीइतकी चाल आली, तर १०० भरून २०० मिळावयाचे. तेथें तिनांत एकदां जिंकलें पाहिजे. राशीच्या दुप्पट आली, तर २०० भरून ३०० मिळावयाचे. तेथें पांचांत दोनदां. खेळाच्या ज्या प्रकारांत चालीची मर्यादा ठरलेली असते, तेथें राशींत नऊ चाली जमलेल्या असतांना आपणांस शेवटची एकच भरावी लागते असें पुष्कळदां घडतें. तेथें दहांत एकदां जिंकलें तरी नुकसान नाहीं, म्हणून सुमार हातानेंहि पाहावें. पहिला धडा हा. 'माझा हात चांगला आहे काय' हा प्रश्न अपुरा आहे. 'या किमतीस माझा हात पुरेशा वेळां चांगला ठरेल काय' असें विचारावें.

आतां बाजू बदलूं. शेवटचें पान पडलें आहे, समोरचा थांबला आहे, आणि शेवटची पाळी आपली आहे. आपण पैसे लावावे, कीं पानें उघडून जें असेल तें घ्यावें? येथें नवशिका हमखास चुकतो. तो म्हणतो, माझा हात बहुधा वरचढ आहे, तेव्हां लावावे. एक उदाहरण घेऊं. आधींच्या चालींवरून आपणांस असें वाटतें कीं, समोरच्यापाशीं सारख्या संभवाच्या वीस प्रकारच्या हातांपैकीं कोणता तरी एक आहे. त्यांतल्या चौदांना आपण हरवितों, सहांपुढें हरतों. चौदा विरुद्ध सहा. मग लावण्यास हरकत कोणती? हरकत ही कीं, आपण ५० लावले म्हणजे तो वीसहि हातांनीं पाहणार नाहीं. हलक्या बारा हातांनीं तो पानें टाकील, आणि त्यांपासून आपणांस एकहि जादा दाणा मिळणार नाहीं, कारण ती रास आपण न लावतांहि जिंकणारच होतों. तो पाहील तो आठ हातांनीं: आपल्याहून वरचढ सहा आणि आपल्याखालचे दोन. दोन वेळां ५० आले, सहा वेळां ५० गेले. चौदास सहा असा वरचढपणा असूनहि वीस डावांत २०० दाण्यांचा तोटा! म्हणून नियम असा कीं, समोरच्यानें भरून पाहिल्यावर निम्म्याहून अधिक वेळां आपण जिंकणार असूं, तरच चांगल्या हातानें लावावें. तो टाकून देणार असलेले हात या हिशेबांत धरावयाचेच नाहींत. मधल्या दर्जाच्या हातानें लावण्यांत अर्थ नसतो, तो यामुळेंच. हलके हात पळून जातात आणि भारी तेवढे समोर उभे राहतात.

चांगल्या हातानें लावावें, मधल्यानें थांबावें. मग अगदीं टाकाऊ हातानें काय करावें? सामान्य बुद्धि सांगते, तोंड मिटून बसावें. गणित सांगतें, कधीं कधीं लावावें. टाकाऊ हात उघडून जिंकण्याचा संभव शून्य. समोरच्यानें पानें टाकलीं तरच तो जिंकावयाचा. अशा चालीस इंग्रजींत 'ब्लफ' म्हणतात. आपण तिला हूल म्हणूं. राशीइतकी हूल दिली, तर १०० धोक्यांत घालून १०० मिळवावयाचे, म्हणून ती निम्म्याहून अधिक वेळां साधली पाहिजे. निम्म्या राशीची दिली, तर तिनांत एकाहून अधिक वेळां साधली म्हणजे पुरे.

हूल किती वेळां द्यावी? जो कधींच देत नाहीं, त्यानें पैसे लावतांच सगळेजण पानें टाकतात, आणि त्याच्या उत्तम हातासहि कांहीं मिळत नाहीं. जो नेहमीं देतो, त्याला सगळे पाहतात, आणि तो लुटला जातो. मधला मार्ग वर सांगितलेल्या किमतींतूनच निघतो. राशीइतकी चाल पाहणाऱ्यास तिनांत एकदां जिंकणें पुरतें. तेव्हां आपल्या तीन चालींत दोन खऱ्या व एक हूल असें प्रमाण राखलें, तर तो पाहो वा टाको, त्याला सारखेंच. त्याच्या चतुराईस धरावयास जागा उरत नाहीं. निम्म्या राशीच्या चालींत तीन खऱ्यांस एक हूल. चाल जितकी मोठी तितक्या हुली अधिक खपतात, हें प्रथम उलटें वाटतें, पण कागदावर मांडून पाहिलें कीं पटतें. पाहणाऱ्याच्या बाजूसहि असेंच प्रमाण आहे. राशीइतकी चाल आली, तर ज्या हातांनीं तो येथवर आला त्यांतल्या वरच्या सुमारें निम्म्या हातांनीं त्यानें पाहावें. निम्म्या राशीची आली, तर तिनांत दोन हातांनीं. याहून कमी पाहील, तर समोरचा वाटेल त्या दोन पानांनीं हूल देऊन त्याला नागवील.

टाकाऊ हातांतूनहि हुलीसाठीं निवड करावी लागते. समजा, मधल्या पानांत तीन इस्पिक आहेत आणि आपल्या हातांत इस्पिकचा एक्का एकटाच आहे. आपला रंग झालेला नाहीं; पण एक्क्याचा रंग समोरच्यापाशींहि असूं शकत नाहीं, कारण एक्का आपण धरून बसलों आहों. त्याचीं पानें आपण पाहिलीं नाहींत, तरी त्यांत काय नाहीं हें आपणांस ठाऊक आहे. अशा पानांनीं दिलेली हूल त्यांतल्या त्यांत सुरक्षित. शिवाय आधींच्या चालींशीं हुलीचा मेळ बसला पाहिजे. ज्यानें आरंभापासून भीत भीत पैसे भरले, त्यानें शेवटीं एकाएकीं गर्जना केली तर ऐकणारा हंसतो. आणि समोर एकाहून अधिक गडी असतील तर हूल बहुधा देऊंच नये, कारण त्या सगळ्यांनींच पानें टाकावीं लागतात.

या सर्वांचें एक प्रसिद्ध उदाहरण सांगतों. लास व्हेगास शहरांत १९७० पासून पोकरची जागतिक स्पर्धा भरूं लागली. २००३ सालीं तिच्या मुख्य स्पर्धेंत ८३९ गडी होते. प्रवेशाची फी १०,००० डॉलर आणि पहिलें बक्षीस २५ लक्ष डॉलर. शेवटीं दोघे उरले. एक सॅम फार्हा हा मुरलेला धंदेवाईक खेळाडू. दुसरा ख्रिस मनीमेकर हा टेनेसी राज्यांतील हिशेबनीस, जो इंटरनेटवरील एका लहान स्पर्धेंतून जागा मिळवून तेथवर पोंचला होता. एका डावांत मनीमेकरच्या हातांत इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती होती. फार्हाच्या हातांत इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. मध्यें इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री व इस्पिकची छक्की. चौथें पान इस्पिकची अठ्ठी. फार्हापाशीं नव्व्यांची जोडी झाली होती. मनीमेकरपाशीं कांहींच नव्हतें, पण आशा दुहेरी होती: इस्पिक आलें तर रंग, पंजी किंवा दश्शी आली तर ओळ. त्या बळावर त्यानें चौथ्या पानावर फार्हाची चाल वाढविली. पांचवें पान आलें बदामची तिर्री, आणि दोन्ही आशा संपल्या. फार्हा थांबला. मनीमेकरनें आपल्यापुढील सगळी रक्कम मध्यें सारली. फार्हानें बराच विचार केला आणि अखेर जोडी टाकून दिली. पुढें स्पर्धा मनीमेकरनें जिंकली. आणि दुसऱ्या वर्षीं त्याच स्पर्धेस २,५७६ गडी आले.

आपल्या कसोट्या येथें लावून पाहूं. हात निखालस टाकाऊ होता. उघडून जिंकण्याची आशा नव्हती. चौथ्या पानावरच्या वाढीव चालीशीं शेवटची चाल जुळत होती. आणि इस्पिकचा राजा स्वतःपाशीं असल्यामुळें राजाचा रंग समोर नाहीं, हें त्याला माहीत होतें. तरीहि एक सावधगिरी बाळगावी. हूल साधली एवढ्यावरून ती शहाणपणाची ठरत नाहीं, आणि फसला एवढ्यावरून फार्हा मूर्ख ठरत नाहीं. त्याच्या एका जोडीपुढें रंग, ओळ, तीन सारखीं पानें असें पुष्कळ कांहीं असूं शकलें असतें. उत्तर जुळलें म्हणून रीत बरोबर, असें आम्ही मास्तरांनीं वर्गांत कधीं चालूं दिलें नाहीं. पत्त्यांतहि तें चालूं देऊं नये.

अनुभवी खेळाडूंस जें अंदाजानें कळत होतें, त्याला सिद्धतेचें रूप गणितज्ञांनीं दिलें. हंगेरींत जन्मलेले जॉन फॉन नॉयमन यांनीं १९२८ सालीं बैठ्या खेळांच्या सिद्धान्तावर निबंध प्रसिद्ध केला, आणि १९४४ सालीं ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथांत पोकरचा सविस्तर विचार केला. त्यांनीं अभ्यासासाठीं घेतलेल्या सोप्या पोकरांत पुढें कोणतेंहि पान यावयाचें नसतें. म्हणजे तो आपल्या नदीकांठचाच प्रसंग. तेथें त्यांना आढळलें कीं, उत्तम हातांनीं आणि अगदीं निकृष्ट हातांपैकीं कांहींनीं मोठी चाल करावी, व मधल्यांनीं थांबावें. हूल हा लबाड स्वभावाचा विलास नसून हिशेबाचा आवश्यक भाग आहे, हें यावरून ठरलें. २०१७ च्या जानेवारींत कार्नेगी मेलन विद्यापीठाचे टुओमास सँडहोम व नोम ब्राउन यांनीं रचलेल्या 'लिब्रेटस' नांवाच्या संगणकीय खेळाडूनें पिट्सबर्ग येथें चार नामांकित खेळाडूंशीं वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून चौघांनाहि हरविलें. राशीहून कितीतरी मोठ्या अशा त्याच्या चालींनीं ते खेळाडू बुचकळ्यांत पडले. त्या यंत्रास चेहरा नव्हता, आणि समोरच्यांचे चेहरेहि त्यास दिसत नव्हते.

मात्र वर सांगितलेलीं प्रमाणें अनोळखी व तोलाच्या माणसासाठीं आहेत. समोरच्याची खोड ठाऊक असली, तर तीच हिशेबांत घ्यावी. जो वाटेल त्या हातानें पाहतो, त्याला हूल कधींच देऊं नये. त्याच्यापुढें बऱ्यापैकीं हातानेंहि थोडें थोडें लावावें. आणि जो हूल देतच नाहीं, त्याची मोठी चाल आली कीं निमूटपणें पानें टाकावीं. हें शेवटचें वाक्य मला चारशें रुपयांस पडलें आहे.

१९८७ सालीं लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं शेजारच्या बिऱ्हाडीं तीनपत्तीचा डाव बसला होता. पत्नीनें शिवणयंत्रासाठीं जमविलेले चारशें रुपये 'नुसते जवळ असूं द्यावे' म्हणून मीं खिशांत घातले होते. तीनपत्तींत पानें एकदांच वाटतात, पुढें कांहीं यावयाचें नसतें. म्हणजे तेथील प्रत्येक चाल शेवटच्या पानावरचीच. माझ्यापाशीं राण्यांची जोडी आली. समोर एक वयस्क शेजारी उरले, आणि ते शांतपणें चाल वाढवीत गेले. निम्मे पैसे मध्यें गेल्यावर पानें टाकणें मला अपमानाचें वाटूं लागलें. इतके घातले आहेत, आतां यांचीं पानें पाहूनच घेऊं, या एका विचारानें मीं उरलेलेहि भरले आणि शो मागितला. त्यांनीं तीन पानें खालीं ठेवलीं. ओळ लागलेली होती.

घरीं येऊन मीं सर्व सांगितलें. पत्नी रागावली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "अहो, ते काका कधीं खोटी चाल खेळतात का?"

मीं म्हटलें, "तीन दिवाळ्या पाहतों आहें, कधीं खेळले नाहींत."

"मग तुम्ही पैसे देऊन पाहिलेंत काय?"

या प्रश्नास त्या रात्रीं माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आज आहे. राशींत गेलेले पैसे माझे उरले नव्हते. तरी ते माझेच समजून मीं त्यांच्यामागें आणखी धाडले. माझी जोडी चांगली आहे हें मीं पाहिलें. पण काकांच्या चालीपुढें ती किती वेळां चांगली ठरेल, हें पाहिलें नाहीं. आणि जी गोष्ट मला तीन वर्षें ठाऊक होती, ती डोळ्यांनीं पाहण्यासाठीं मीं दाम मोजले. शिवणयंत्र घरांत यावयास त्यानंतर सव्वा वर्ष लागलें.

शेवटीं एक इशारा. दोन तोलाच्या खेळाडूंनीं वरील प्रमाणें अचूक पाळलीं, तर दीर्घकाळांत कोणी कोणास लुटूं शकत नाहीं. पण जुगाराच्या बैठकीचा मालक प्रत्येक राशींतून किंवा बसल्या वेळाप्रमाणें आपला हिस्सा काढून घेतो. म्हणून तेथें बरोबरीचे सगळेच हळूहळू हरतात. हें लास व्हेगासला खरें आहे, आणि आपल्या गोव्यांत मांडवी नदींत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या नौकांवरहि खरें आहे. हातांतल्या फोनवर पैसे लावून खेळण्याचें वेड घराघरांत शिरलें, तेव्हां अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनें २०२५ च्या ऑगस्टांत संमत केला. तो कां करावा लागला हें ज्या घरांनीं सोसलें त्यांना मीं सांगावयास नको. गणित शिकावयाचें असेल तर भुईमुगाचे दाणे पुरेसे आहेत. माझ्या भाच्याशीं खेळतांना शेवटच्या रात्रीं मीं राण्यांची जोडी टाकून दिली. त्याच्या हातांत काय होतें, हें मीं विचारलें नाहीं, आणि त्यानेंहि सांगितलें नाहीं. मला त्या रात्रीं झोंप चांगली लागली.